अरुंद होत जाणारा पट्टा

वय वाढत गेलं की हृदयाच्या ठोक्यांची वरची मर्यादा खाली येते आणि खालची जवळपास तिथेच राहते. पंचविशीतला धावपटू जीव तोडून धावला तर त्याचे ठोके मिनिटाला १९०पर्यंत जातात. पासष्टीतला तितकाच जीव तोडून धावला तरी १६०च्या आसपास थांबतो. विश्रांतीचे ठोके मात्र दोघांचेही ६० असू शकतात. म्हणजे तरुणाच्या हाती १३० ठोक्यांचा पट्टा आणि आमच्या हाती जेमतेम शंभरांचा. या शंभरांत भरभर चालणं, हळू पळणं, लांबचं पळणं, चढ आणि शर्यत, सगळं बसवायचं. साठी ओलांडल्यावर धावण्यात जे काही कसब उरतं, ते या अरुंद पट्ट्यात नीट वावरण्याचं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

ही घसरण सरावानं थांबत नाही. हृदयात ठोका जिथून सुरू होतो त्या सायनस नोडचा मूळ वेगच वयाबरोबर मंदावतो, आणि अॅड्रिनलिन कितीही उसळलं तरी हृदय पूर्वीसारखी दाद देत नाही. रोज धावणारा असो की दिवसभर खुर्चीत बसणारा, हे दोघांनाही चुकत नाही. सराव देतो ते वेगळंच. एकेका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकललं जातं, पायांचे स्नायू त्यातला प्राणवायू अधिक चांगला वापरतात, म्हणून तोच रस्ता कमी ठोक्यांत पार होतो. जबलपूरच्या रिज रोडवर आमच्या सकाळच्या मंडळीत नवा कुणी आला की ‘काका, माझा मॅक्स वाढेल ना?’ असं हमखास विचारतो. मॅक्स, म्हणजे ठोक्यांची वरची मर्यादा, वाढणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. वाढवायचं ते त्याच्या खालचं.

मॅक्स काढायचं सर्वांना ठाऊक असलेलं सूत्र म्हणजे २२० वजा वय. ते १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून पसरलं आणि व्यायामशाळांच्या भिंतींवर कायमचं जाऊन बसलं. मुळात ती तेव्हा हाताशी असलेल्या आकड्यांवरून काढलेली ढोबळ रेघ होती. २००१ साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून दुसरं सूत्र दिलं: २०८ वजा वयाचे सात दशांश. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८०वरच येतात. पुढे फाटे फुटतात. पासष्टीला जुनं सूत्र १५५ सांगतं, नवं १६२-१६३. म्हणजे भिंतीवरचा तक्ता म्हाताऱ्या माणसाला त्याच्या खऱ्या जागेपेक्षा खाली बसवतो. शिवाय कुठलंही सूत्र सरासरीच सांगतं, आणि एका वयाची माणसं त्या सरासरीपासून दहा-दहा ठोके इकडेतिकडे सहज असतात.

माझी सगळी नोकरी इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत गेली. १९०४ची ही फॅक्टरी, आणि मी तिथे मापं तपासणाऱ्यांतला. आमच्याकडे कुठलंही गेज स्वतः पारखून घेतल्याशिवाय कामावर लावत नसत. मनगटावरच्या घड्याळाला मी हाच न्याय लावतो. ते हिरवा प्रकाश कातडीत सोडतं आणि रक्ताच्या भरती-ओहोटीवरून ठोके ओळखतं. जानेवारीत आमच्याकडे पारा आठ-नऊ अंशांवर उतरतो, मनगटातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि घड्याळ चाचपडू लागतं. कधी ते पावलांनाच ठोके समजतं. सावकाश पळणाऱ्या बाईच्या घड्याळात १७० दिसले तर बहुधा ती तिची मिनिटाला पडणारी पावलं असतात. छातीचा पट्टा हृदयातला विजेचा संकेत पकडतो, त्यामुळे जास्त भरवशाचा, मात्र तो ओला करून बांधावा लागतो. फिनलंडच्या पोलरनं असा बिनतारी पट्टा १९८२ साली बाजारात आणला, त्याआधी धावपटूंची सारी मदार बोटांवर होती. मी अजूनही बोटांनी मोजायला शिकवतो. थांबल्या थांबल्या मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून दहा सेकंद मोजायचे आणि सहानं गुणायचं. पूर्ण मिनिट मोजत बसलात तर तेवढ्यात ठोके उतरलेले असतात. आणि वयस्कांनी मानेची शीर दाबून मोजू नये. तिथल्या दाबानं ठोके एकदम मंदावून चक्कर येऊ शकते.

आता पट्ट्याच्या आतलं गणित. कार्व्होनेन या फिनिश संशोधकानं १९५७मध्ये दाखवलेली वाट मला सर्वांत सरळ वाटते: मॅक्समधून विश्रांतीचे ठोके वजा करायचे, उरलेल्याचे टक्के काढायचे आणि विश्रांतीचे ठोके परत मिळवायचे. सत्तर टक्क्यांपर्यंत सोपं पळणं आणि पंचाऐंशीला कठीण, असं धरलं तर पंचविशीच्या मुलासाठी ते आकडे १५१ आणि १७१. पासष्टीच्या माणसासाठी १३२ आणि १४७. सोपं आणि कठीण यांत तरुणाला वीस ठोक्यांची जागा आहे, आम्हाला पंधराची. पाच ठोक्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण उन्हाळ्यात जबलपूरचा रस्ता या हिशेबात स्वतःची भर घालतो. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर जातो आणि पहाटेसुद्धा हवा कोमट असते. शरीर थंड राखायला रक्त कातडीकडे वळतं, घामानं रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात कमी रक्त जातं, मग तेवढ्याच वेगाला ठोके वाढवावे लागतात. तासाभरात दहा-पंधरा ठोके असे आपोआप चढतात. तरुणाच्या विसांतून ते गेले तरी काही उरतं. आमची सगळी जागाच संपते, आणि डुमना रोडवर सोपं म्हणून सुरू केलेलं पळणं परतीच्या वाटेवर कठीण होऊन बसतं. पाय तर तोच वेग धरून असतात, म्हणून ते लक्षातही येत नाही. उन्हाळ्यात मी वेगाकडे बघतच नाही. १३२ ओलांडले की चालू लागायचं. चालण्यात कमीपणा मानणारा माणूस साठीनंतर फार दिवस पळत नाही.

आकड्यांना न मानणारीही एक कसोटी आमच्याकडे आहे. पळता पळता मारुती स्तोत्र म्हणायचं. ओळ मध्ये न तोडता म्हणता आली तर वेग बरोबर. ओळीच्या अधेमध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. आमच्या एका वहिनींना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू आहे. ते औषध ठोके वर जाऊच देत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कुठलंच सूत्र उपयोगाचं नाही. घड्याळ ११० दाखवत असतं आणि त्या धापा टाकत असतात. त्यांचं सारं पळणं स्तोत्रावर बेतलेलं आहे, आणि आमच्यात सर्वांत शिस्तीचं पळणं त्यांचंच. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं श्रमाच्या जाणिवेची जी मोजपट्टी केली ती सहापासून विसापर्यंत आहे, कारण तो आकडा दहानं गुणला की निरोगी तरुणाचे ठोके अंदाजानं मिळतात. आमच्या वयात हा गुणाकार जमत नाही, तरी जाणीव खरी असते. आकडा आणि जाणीव यांचं पटेना तर मी जाणिवेच्या बाजूनं उभा राहतो.

सावकाशीचा धडा खरं तर या गावानंच दिला आहे. अमृतलाल वेगड इथलेच, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले चित्रकार. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदाकाठानं चालायला निघाले. अखंड परिक्रमा त्यांनी केली नाही. एक टप्पा चालायचे, घरी यायचे, शिकवायचे, चित्रं करायचे आणि पुन्हा निघायचे. सत्तरीनंतरही चालत राहिले. धावणाऱ्याला यात शिकण्याजोगं पुष्कळ आहे. म्हातारपणी मेहनत सोसते, पण दोन मेहनतींमधलं अंतर वाढवावं लागतं. तरुणपणी चढाच्या सरावानंतर एक दिवस पुरायचा, आता मदन महालच्या टेकडीवर जोर लावला की दोन-तीन दिवस हलकेच ठेवावे लागतात. कॅनडाचे एड व्हिटलॉक घराजवळच्या दफनभूमीतल्या वाटेवर तास न् तास संथ पळत. २००४ साली, ७३व्या वर्षी, त्यांनी टोरांटोत मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली. त्यांची बरोबरी कुणी करू जाऊ नये. पण त्यांच्या सरावाचा फार मोठा भाग संथ होता, एवढं पक्कं ध्यानात ठेवावं.

ठोके किती चढले याहून ते किती लवकर उतरतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं. चढ संपला की चालत राहायचं आणि एका मिनिटानं पुन्हा मोजायचं. १९९९मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. एका सकाळच्या आकड्यावरून कुणी घाबरू नये. पण नेहमी तीस उतरणारे ठोके आठवडाभर पंधराच उतरू लागले तर झोप, ताप, पाणी, सगळं तपासावं. ठोके विनाकारण उड्या मारू लागले, ताल चुकू लागला, छातीत दाटलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सराव तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा. वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ताल बिघडणं, अधिक आढळतं. तंदुरुस्त माणसालाच हे मानायला जड जातं, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगतो आणि लोकांना कंटाळा आला तरी सांगत राहतो.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईच्या अर्धमॅरेथॉनला आमच्यातले काही जण जाणार आहेत. इथली कोरडी थंडी सोडून समुद्राच्या दमट हवेत उतरलं की त्याच वेगाला ठोके वर जाणार. सुरुवातीच्या गर्दीत, ढोलताशात, नुसत्या उत्साहानंही ते चढतात, तेव्हा पहिले दोन किलोमीटर घड्याळाकडे बघण्यात अर्थ नाही. स्तोत्र म्हणत जायचं. सागरी सेतूवर १४०च्या आत राहायचं, कुणीही पुढे गेलं तरी. निम्मं अंतर मागे पडल्यावर ठोके चढू द्यायचे, कारण शर्यत शेवटी शर्यत आहे आणि तिथे १५०ला भिऊन चालत नाही. पेडर रोडचा चढ मात्र भरभर चालत चढायचा आणि उतारावर पुन्हा धावायचं, हे सर्वांनी मिळून ठरवलं आहे. वहिनींना घड्याळ घालायचं नाही, त्यांनी ते घरीच ठेवायचं ठरवलं आहे.