कुलूप आणि कान

काशीत, शिंद्यांच्या घाटालगतच्या संकठा घाटावर, एका देवदीपावलीच्या गर्दीत माझी थोरली बहीण हरवली. तासाभराने पायरीवरच्या शिपायाचा वॉकीटॉकी खरखरला : ‘वृद्धा, सफेद साड़ी, नाम नहीं बता पा रही.’ तिचे विस्मरण आम्ही घराबाहेर कोणास कळू दिले नव्हते; ते आता साऱ्या घाटाने ऐकले. ती सापडली होती, तरी आनंदाआधी मला संकोच वाटला.

लहानपणी रेडिओच्या लघुलहरींवर दोन केंद्रांच्या मधली अनोळखी संभाषणे ऐकण्याचा मला नाद होता. 1933च्या कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणे गुन्हा होता. घरच्या रेडिओला परवाना होता, माझ्या कुतूहलाला नव्हता. आज जगातील अनेक पोलीस दले आपले बोलणे अंकांत बदलून कुलूपबंद करतात. हौशी श्रोत्याच्या स्कॅनरला लहर सापडते, शब्द सापडत नाही.

महानुभावांची सकळ लिपी हेही एक कुलूपच. इतिहासाचार्य राजवाड्यांना ते उघडता आले, कारण अक्षरे बदलली तरी भाषेची वळणे खाली शाबूत होती. आजचा संकेत ती वळणेही पुसून टाकतो. सत्ता काय बोलते हे मग नागरिकाने जाणावे कसे? हा प्रश्न मला सोडवत नाही. पण त्या रात्रीचा भाऊ कुलपाच्या बाजूने उभा राहतो.

अर्थात, लहरींना घातलेले कुलूप घाटावरच्या कानांना अडवत नाही. शिपायाने माझा चेहरा पाहिला आणि यंत्राचा आवाज हळूच कमी केला.