तेगेलच्या कोठडीतला देव
शंका आली की श्रद्धा गेलीच, हा समज डीट्रिख बोनहोफरपुढे टिकत नाही. १९४४ साली बर्लिनच्या तेगेल तुरुंगातून या पाद्रीने आपल्या मित्राला, बेथगेला, लिहिलेल्या पत्रांतला मुद्दा रोखठोक आहे: विज्ञानाला उत्तर सापडेना तिथेच देव बसवला, तर ज्ञान वाढेल तसा तो मागे सरकणारच. असा देव सोडला, तर मग उरते ती नुसती नीतिमत्ता, असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. हेच लिहिणारा माणूस कोठडीत बायबल वाचत होता, प्रार्थना करत होता. त्याने रजा दिली ती अडीनडीला धावणाऱ्या देवाला. क्रुसावरच्या असहाय ख्रिस्ताला नव्हे. १९६०च्या दशकात ‘देव मेला’ म्हणणाऱ्या विल्यम हॅमिल्टननेही बोनहोफरचाच आधार घेतला, माझ्या मते जरा ओढूनताणून. खुलासा करायला बोनहोफर होता कुठे? एप्रिल १९४५मध्येच नाझींनी त्याला फाशी दिली होती.