खोटी मासळी, खरा जिताडा

मे महिन्याच्या अखेरीस मी रेवदंड्याला गेलो तो जिताड्यासाठी. इंग्रजीत त्याला सी-बास म्हणतात. कुंडलिकेच्या मुखाशी ओहोटी लागताच, पोटाखाली गळ असलेली नवी कोरी लाकडी मासळी दोरीला बांधून फेकली. शेजारचे म्हातारे कोळीबाबा हसले, "दादा, जिताडा खुळा हाय का?"

तासाभराने दोरी ताणली गेली. दोन हात लांबीचे रुपेरी धूड! बाबांचे हसू मावळले. "गाबोळीची हाय," ते हळूच म्हणाले.

मला वाचलेले आठवले: जिताडा नर म्हणून वाढतो, मोठेपणी मादी होतो आणि पावसाच्या सुमारास अंडी घालतो. गळ सोडवून मी तिला पाण्यात सोडले. बाबांनी मान डोलावली.

घरी सौ.ने रिकामी पिशवी पाहिली. खोट्या मासळीला खरा जिताडा फसला. माझी खरी हकीकत मात्र तिला खोटीच वाटली!