आधी खरवडणे, मग रंग

वाचन : लेवीय 14:33-53



लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय धर्मशिक्षणाच्या वर्गात निघाला की मुले जांभया देऊ लागतात. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग पडले तर काय करावे, याजकाने किती दिवस थांबावे, कोणते दगड काढावेत असे सगळे त्यात आहे. यात आपल्या उपयोगाचे काय, असे मोठ्यांनाही वाटते. यंदा मात्र घरची जुनी गाडी विकायची वेळ आली आणि हा अध्याय आम्हा दोघांना पुन्हा उघडावा लागला.

गाडी चंदेरी रंगाची, आम्ही जुनीच घेतलेली. टप आणि बॉनेट यांचा रंग आधी विटला, मग पांढुरके चट्टे पडले आणि शेवटी पोपडे सुटू लागले. सुरतेत राहणाऱ्यांना हे नवे नाही. आठ महिने कडक ऊन, डुमस-हजिऱ्याकडून येणारी खारी हवा आणि वर दमट पावसाळा. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर सरळ ऊन झेलणारा वरचा पत्रा आधी जातो, बाजूचे दरवाजे बरेच दिवस टिकतात.

उधन्याला एक मिस्तरी आहेत, मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी बॉनेटवर नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, रबिंग-पॉलिश करून पैसे घालवू नका. वरची क्लिअर मेली आहे."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. ऊन आधी खाते ती वरची क्लिअर. ती एकदा सुटली की तिला परत चिकटवणारे पॉलिश जगात नाही. जुन्या गाड्यांचा साधा पांढरा किंवा लाल रंग वेगळा. त्यावर बहुधा क्लिअर नसते. फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासले आणि फडक्याला गाडीचा रंग लागला, तर मेलेला थर घासून काढता येतो आणि खालचा चांगला रंग वर येतो. विटलेल्या रंगावर पॉलिश चालते. पोपडे सुटले असतील तर घासून उतरवण्यावाचून इलाज नाही.

मग मिस्तरी खाली बसले. दाराखालच्या पत्र्यावर रंगाला दोन-तीन फोड आले होते, मुगाच्या दाण्याएवढे. आम्ही ते कधीपासून पाहत होतो. त्यांनी एका फोडावर पेचकस टेकवला, जरा दाबला, आणि तो आत गेला. पत्रा उरलाच नव्हता, नुसता रंग होता.

दाराच्या तळाशी आणि त्याखालच्या पत्र्यात पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते. गंज आतून सुरू होतो आणि बाहेर यायला त्याला वर्षे लागतात. बाहेर फोड दिसेपर्यंत आतले काम बरेचसे झालेले असते. सुरतकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचे पाणी सुटले, तापीला पूर आला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर कितीतरी वर्षे इथे जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी पायाखालचे मॅटिंग उचलून बघायचा.

आमच्यापुढे दोन रस्ते होते. गाडीला गिऱ्हाईक मिळाले होते. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात काम करणारा तरुण, लहान मूल असलेला, घरातली पहिली गाडी घेणारा. एका दलालाचे म्हणणे असे की फोडावर पुट्टी भरा, वरून एक हात मारा, दोन दिवसांत काम होईल आणि पुढचे वर्षभर कोणाला काही कळणार नाही. मिस्तरींचे काम दहा-बारा दिवसांचे आणि खर्च तिप्पट. इकडे मुलीच्या कॉलेजची फी महिनाअखेर भरायची होती.

दोन रात्री आमचे यावर बोलणे झाले. एकाचे म्हणणे, जुनी गाडी घेणाऱ्याला ती जुनी आहे हे माहीतच असते. दुसऱ्याचे म्हणणे, जुनी आहे हे माहीत असते, पण पत्रा कुठे नाही हे माहीत नसते, आणि त्या बाजूला त्याचे मूल बसणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही लेवीय 14 काढला.

त्या अध्यायात पहिली गोष्ट अशी की घरमालकाने स्वतः याजकाकडे जाऊन सांगायचे, माझ्या घरात काहीतरी डागासारखे दिसते. शेजाऱ्याने चहाडी करायची नाही आणि याजकाने घरोघर शोधत फिरायचे नाही. दुसरी गोष्ट, याजक येण्याआधी घर रिकामे करायचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी आतले सामानसुमान वाचेल. परमेश्वराच्या नियमात ही दया आधीच घातलेली आहे. दोष शोधायचा आहे, पण गरिबाची चटई आणि भांडी बुडवायची नाहीत. तिसरी गोष्ट, सात दिवस थांबायचे. घाईने निकाल नाही.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत. डाग पसरला असेल तर आधी ते दगड काढायचे, भिंती आतून चहूकडे खरवडायच्या, खरवडलेला लेप गावाबाहेर टाकायचा. त्यानंतर नवे दगड आणि नवा लेप. हा क्रम उलटा करण्याची मुभा कुठेच दिलेली नाही.

उलटा क्रम कोणी केला, तेही पवित्र शास्त्रात आहे. यहेज्केलाच्या तेराव्या अध्यायात लोक कच्ची भिंत बांधतात आणि खोटे संदेष्टे तिला चुना लावतात. शांती नसताना शांती आहे असे सांगतात. मग पाऊस आणि गारा येतात, भिंत कोसळते, पाया उघडा पडतो आणि लोक विचारतात, तो चुना कुठे गेला? प्रभू येशूने परूश्यांना चुना लावलेल्या कबरांची उपमा दिली, तीही इथे आठवते. त्या काळी वल्हांडणाच्या आधी कबरींना चुना लावीत, तो शोभेसाठी नव्हे. कोणाचा चुकून स्पर्श होऊन तो अशुद्ध होऊ नये म्हणून ती खूण असे. परूश्यांचा चुना मात्र लोकांना जवळ बोलावणारा होता. आत काय आहे ते त्याने सांगितले नाही, उलट झाकले.

आम्ही गाडी मिस्तरींकडे दिली. त्यांनी कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग केला. बाकी ठिकाणी पोपड्यांच्या कडा वॉटर पेपरने इतक्या घासल्या की बोटाला पायरी लागू नये. "चांगला रंग सुरू होतो तिथपर्यंत मागे जायचं, भाऊ. मध्येच थांबलो तर तिथूनच परत सुटणार," ते म्हणाले. मग प्रायमर, पुट्टी, पुन्हा घासणे, रंग, क्लिअर. नुसता चट्ट्यापुरता रंग त्यांनी मारला नाही, पूर्ण बॉनेट आणि पूर्ण टप केला, कारण ठिगळाची कड उघडी दिसते आणि क्लिअर तिथूनच उचलते.

कामाआधीचे फोटो आम्ही त्या तरुणाला दाखवले. तो गप्प राहिला, मग त्याने 12 हजार कमी करायला सांगितले. आम्ही केले. फीसाठी पतसंस्थेतली छोटी ठेव मोडावी लागली. प्रभूने ते पैसे दुसऱ्या वाटेने परत दिले, अशी साक्ष आम्हाला देता येत नाही. गाडी त्याच्या दारात उभी असलेली दिसते तेव्हा मान खाली घालावी लागत नाही, एवढे मात्र सांगता येते.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात किती घरांत असे फोड असतील! कुठे दारू आहे, कुठे व्याजाचे कर्ज, कुठे बाप-लेक वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत. रविवारी मिस्साला आपण इस्त्रीचे कपडे घालून येतो. कोणी विचारले तर "प्रभूच्या कृपेने सगळे ठीक" असे म्हणतो. आणि कोणी धीर करून खरे सांगितलेच, तर ऐकणारा घाईघाईने एखादे वचन सांगून विषय संपवतो. वचन खरे असते, पण न खरवडलेल्या भिंतीवर ते चुन्यासारखेच लागते आणि पहिल्या पावसात उतरते. लेवीयातला याजक काय करतो ते आपण बघावे. तो येतो, आत जाऊन पाहतो, सात दिवसांनी पुन्हा येतो. गल्लीत जाऊन सांगत नाही.

प्रायश्चित्त संस्काराची भीती वाटते ती खरवडण्यामुळे. पण त्या अध्यायाचा शेवट वाचा. डाग परत आला नाही तर याजक घराला शुद्ध ठरवतो. ते घर कधी दूषित होते म्हणून त्याला वेगळे नाव देत नाही. त्यात लोक राहायला जातात, चूल पेटते.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी मिस्तरींचे दोन शब्द. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा. दाराखालची भोके पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा. रंगकाम पावसाळा संपल्यावरच काढा, कारण दमट हवेत ताजा रंग धुरकट होतो आणि खाली अडकलेली ओल पुढे फोड होऊन वर येते. आणि फोड दिसला तर तो लहान आहे तेव्हाच दाखवा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या घरात जे आतून गंजले आहे ते तुला ठाऊक आहे. स्वतःहून येऊन सांगण्याचे धैर्य आम्हाला दे. खरवडताना आमच्याजवळ थांब. आणि दुसऱ्याचे दुखणे आमच्या कानी आले तर आमचे तोंड आवर आणि पाऊल त्याच्या दाराकडे वळव. आमेन.