अण्णांचा रेकॉर्ड-प्लेअर आणि सँत-क्र्वाचा डोंगर

स्वित्झर्लंडला गेलेली आपली मंडळी बर्फ पाहून येतात, चॉकलेटे घेऊन येतात आणि घड्याळे काचेबाहेरून बघून येतात. 2016 साली आम्ही उभयता गेलो तेव्हा हे सारे यथासांग पार पाडले. पण एक दिवस मी हट्टाने राखून ठेवला होता. इव्हर्दों गावी मोठी गाडी सोडून आम्ही मीटर गेजच्या चिमुकल्या आगगाडीत बसलो. “तिथे पाहण्यासारखे काय आहे?” या सौ.च्या प्रश्नाला माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. अण्णांच्या रेकॉर्ड-प्लेअरचे माहेर पाहायला निघालो आहे, हे सांगायचा धीर होत नव्हता.

गाडी प्रथम शेतांतून निवांत जाते, आणि बोम गाव मागे पडले की झुरा पर्वताच्या अंगाला बिलगून चढू लागते. चोवीस किलोमीटरांचा हा मार्ग 1893 साली सुरू झाला. त्याला पैसा पुरवणारे विल्यम बार्बे हे गृहस्थ मोठे धर्मनिष्ठ. पहिली पंचवीस वर्षे रविवारी गाडी धावणार नाही, ही त्यांची अट! आपल्याकडे कोणी चतुर्थीची अट घालून लोहमार्ग बांधला असता, तर त्यावर केवढा वाद रंगला असता!

वर हजार मीटरांहून उंचावर सँत-क्र्वा. गाव लहान, हिवाळा लांब. बर्फात शेती थांबली की घरोघरी खिडकीशी बसून लोक वाद्यपेट्यांचे बारीक काम करीत. याच गावात 1883 साली हेरमान थोरेन्स यांनी आपला वाद्यपेट्यांचा कारखाना काढला. पुढे फोनोग्राफ, ग्रामोफोन आणि चक्क सिगारेट पेटवायचे लायटरसुद्धा त्यांच्या नावाने निघाले. शेजारीच पेयार कंपनी, तिचे हर्मिस टाइपरायटर आणि बोलेक्स कॅमेरे. एवढ्याशा डोंगरी गावाने जगाला लिहायला, ऐकायला आणि पाहायला शिकवावे, याचे मला फार नवल वाटले.

आता अण्णांच्या प्लेअरविषयी. अण्णा 1974 साली कंपनीतर्फे पश्चिम जर्मनीत प्रशिक्षणाला गेले आणि येताना थोरेन्सचा टीडी 160 घेऊन आले. तिथली वीज आणि आपली वीज दोन्ही पन्नास आवर्तनांची, त्यामुळे मोटरचा वेग इथेही बरोबर राहिला. आमचा मुक्काम सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माडीवर. जमीन लाकडी तक्तपोशीची. कोणी चालले की सुई उडे. आठ दिवस अण्णांनी घरातल्या सगळ्यांना मांजरासारखे चालायला लावले. मग एके दिवशी त्यांनी प्लेअर उचलला आणि जाड भिंतीतल्या रुंद कोनाड्यात ठेवला. सुई उडायची थांबली.

वाडा पडला, फ्लॅट आला, कोनाडा गेला. प्लेअर काचेच्या शोकेसवर चढला. रबरी पट्टा सैल झाला म्हणून तो एका दुकानात नेला, तर तिथल्या कारागिराने नवाच शोध लावला. आतला सांगाडा बोटाने दाबल्यावर हलतो, तेव्हा तो ‘खिळखिळा झालाय’. म्हणून त्याने स्प्रिंगांशेजारी लाकडाच्या चिपा ठोकून सारे घट्ट बसवून दिले! घरी आल्यावर मालकंसाच्या मागे मोटरची घरघर साथीला बसली. अण्णा काही बोलले नाहीत. प्लेअर माळ्यावर गेला आणि रेकॉर्डी कपाटात.

वास्तविक ते हलणे हाच त्या यंत्राचा प्राण. मोटर असते वरच्या पत्र्याला. तबक आणि सुईचा हात असतात एका निराळ्या सांगाड्यावर, आणि तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगता असतो. धक्का बसला तरी तबक आणि हात एकत्र हलतात, मग सुईला त्याचा पत्ता लागत नाही. मोटरची थरथरही पट्ट्यातच बरीचशी विरून जाते. ही रचना अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या 1961 सालच्या प्लेअरने नावारूपाला आणली; थोरेन्सने ती 1965 च्या टीडी 150 मध्ये घेतली आणि 1972 च्या टीडी 160 मध्ये पुढे नेली. डुलण्याची मात्र शिस्त हवी. वरून दाबून सोडले की तबक सरळ वर-खाली झाले पाहिजे. बाजूला झोकांडी खाल्ली की समजावे, एखादी स्प्रिंग रुसली आहे.

निवृत्तीनंतर मी तो प्लेअर खाली काढला. चिपा उपटल्या. मधल्या दांड्याचे काळे पडलेले तेल पुसून नवे घातले, पट्टा बदलला. इथपर्यंत अण्णा खुर्चीतून पाहत होते. पण जुन्या हातातल्या केसासारख्या तारा तुटल्या होत्या, म्हणून मी इंग्लंडचा नवा हात मागवला, तेव्हा ते उसळले. “हात बदललास म्हणजे गडीच बदललास की!”

मी जुना हात त्याच्या फळीसकट जपून डब्यात ठेवला आणि सुताराकडून सागाची नवी फळी करून घेतली. नव्या हाताचे आणि फळीचे वजन निराळे. सांगाडा एका कोपऱ्यात बसला. तीन नट, आणि एक फिरवला की उरलेले दोन बिघडतात! आठ दिवस मी प्लेअर दोन स्टुलांच्या मध्ये ठेवून खालून पान्याने फिरवीत होतो. नवव्या दिवशी अण्णा उठले, दोन बोटांनी तबक दाबले, सोडले आणि म्हणाले, “मागचा अर्धा आटा सोड.” सोडला. तबक सरळ वर-खाली झाले. त्या वेळी अण्णांना जवळजवळ ऐकू येत नव्हते. भिंतीला ब्रॅकेट मारून हलक्या फळीवर प्लेअर बसवला, तोही त्यांच्याच सांगण्यावरून.

सँत-क्र्वाला पेयारच्या जुन्या इमारतीतल्या संग्रहालयात हे सारे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मार्गदर्शक बाईंना सांगितले. त्या हसून म्हणाल्या, थोरेन्स 1960 च्या दशकातच जर्मनीत, काळ्या अरण्याकाठच्या लार गावी गेले. तुमचा 160 या डोंगरावर कधी आलेलाच नाही! म्हणजे मी माहेर समजून आजोळी आलो होतो. सौ.ने माझ्याकडे जे पाहिले ते इथे लिहीत नाही.

माझा पडलेला चेहरा पाहून बाईंनी एक उघडी वाद्ययंत्रणा हातात दिली. खिळ्यांचा दंडगोल फिरतो, पोलादी फणीचे दात छेडले जातात. हातात धरली तर डासाच्या गुणगुणीएवढा आवाज. बाईंनी ती लाकडी टेबलावर टेकवली, आणि सारे टेबल गाऊ लागले.

तसलीच एक छोटीशी यंत्रणा मी अण्णांसाठी घेतली. घरी आल्यावर किल्ली देऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी कानाशी धरली, मान हलवली. “काही नाही रे.” मग थोडे थांबून म्हणाले, “पाट आण.”

मी जेवणाचा पाट आणला. अण्णांनी यंत्रणा पाटावर दाबून धरली, दुसरा हात लाकडावर पसरला आणि डोळे मिटले. किल्ली संपेपर्यंत ते तसेच बसले होते.

“वाजतेय,” ते म्हणाले. “प्लेअर मात्र पाटावर ठेवू नकोस हो.”