कमोडची सीट आणि उत्तम शौच



चौक्यातल्या पाण्याच्या गाळण्यापासून पापड-कुरड्यांपर्यंत सगळ्यावर आपण बोलतो. संडासाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली जातो. आज त्यावरच लिहिते आहे, तेही कमोडच्या सीटवर. नाक मुरडण्याआधी एक गोष्ट आठवा. आपले मुनिमहाराज घर, वस्त्र, पैसा सगळं सोडतात. जवळ राहते पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. त्यातल्या कमंडलूला शौचोपकरण म्हणतात. ज्यांनी सर्वस्व सोडलं, त्यांनीही देहशुद्धीचं साधन ठेवलं. मग आपण संसारी बायकांनी या विषयाची लाज का धरायची?

माझं सासर अमरावती, माहेर अकोला. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे पार गेलेत. दादानं काही वर्षांपूर्वी तिच्यासाठी कमोड बसवून घेतला होता. या वैशाखात बडनेऱ्याहून गाडी धरून चार दिवस माहेरी गेले. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, पंचेचाळीसच्या वर पारा. अशा उन्हात आई दुपारनंतर पाणीच पीत नव्हती. तिचा चौविहार सूर्यास्तापासून, पण ती तीन वाजताच तांब्या बाजूला सारायची. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हीच विचारा. मला काही सांगत नाहीत."

दोन दिवसांनी कारण कळलं. सीटची एक बिजागरी तुटली होती. बसताना सीट एका बाजूला सरकायची, म्हणून आई नळाला धरून बसायची. पडायची भीती वाटे, म्हणून जाणंच कमी व्हावं यासाठी पाणी कमी. मी म्हटलं, "आई, सांगायचं नाही का?" तर म्हणे, "जाऊ दे वं बाई, संडासातलं काय सांगावं पोराले? अन् म्हातारीले कायले पाह्यजे नवीन?"

त्या दिवशी दादा आणि मी सीट आणायला निघालो. दोन-तीन दुकानं आणि आमचे नेहमीचे प्लंबर, एवढ्यात जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते.

आधी माप. सीट अंदाजानं आणू नका. तीन मापं लागतात: मागच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, त्या भोकांच्या रेषेपासून भांड्याच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी, आणि सगळ्यात रुंद जागेची रुंदी. भांडी गोल, लांबट आणि चौकोनी अशी वेगवेगळ्या आकारांची येतात. सोपा उपाय म्हणजे भांड्यावर कागद ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची आणि तो कागदच दुकानात न्यायचा. वर्तमानपत्र घेऊ नका, त्यावर अक्षरं असतात. किराण्यातला खाकी कागद पुरतो.

मग कशाची घ्यायची. दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला साध्या प्लॅस्टिकचा, त्याला पीपी म्हणतात. आपले डबे ज्या जातीचे, त्याच जातीची ही सीट. स्वस्त, हलकी, पडली तरी सहसा फुटत नाही. पण हलकी पातळ सीट वजनानं वाकते, घासणीचे ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत मळ बसतो. दुसरा प्रकार यूएफ, म्हणजे यूरिया फॉर्मल्डिहाइड. हा मेलामाइनच्या ताटांचा भाऊबंद. एकदा साच्यात उष्णतेनं घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. हाताला जड आणि थंड लागतो, नखानं वाजवला तर चिनी मातीसारखा आवाज येतो. पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे ओल्या फडक्यानं लगेच पुसला जातो. मात्र फरशीवर आपटला तर तडकतो. तिसरा प्रकार लाकडी भुशाच्या पाट्यावर रंग दिलेला. दिसायला छान, पण आपल्याकडे जेटचं पाणी रोज उडतं. रंगाचा टवका गेला की आत पाणी शिरतं आणि पाटा फुगतो. तो आपल्या घराला नको.

आम्ही यूएफची घेतली. त्यामागे वऱ्हाडातलं पाणी हेही एक कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं नळाचं पाणी आहे, पण ते रोज येत नाही, मग बोअरवर भागवावं लागतं. ते पाणी वाळलं की पांढरा थर धरतो. गुळगुळीत सीटवरून तो निघतो, ओरखडे पडलेल्या सीटवर घट्ट बसतो.

बिजागरी सगळ्यात महत्त्वाची. सीट मोडण्याआधी बिजागरी जाते, हे आमच्या प्लंबरचं म्हणणं आणि आईच्या सीटचंही तेच झालेलं. स्टीलची बिजागरी बघून घ्या. भांड्याखाली हात घालता येत नसेल तर वरून कसायची बिजागरी मागा. शिवाय हल्ली बटण दाबून किंवा खटका ओढून पूर्ण सीट काढता येते अशी सोय मिळते. ही मिळत असेल तर सोडू नका. सीटच्या मागे, बिजागरीच्या बुडाशी जी घाण साचते ती एरवी निघतच नाही. सीट उचलून बाजूला ठेवली की दोन मिनिटांत जागा स्वच्छ.

सीटच्या खाली रबराच्या गुट्ट्या असतात. त्या भांड्यावर नीट टेकतात ना, बघा. एखादी गळून पडली तर सीट तिथं वाकते आणि पुढे तडा जातो. आईसारख्यांसाठी सीट आडवी सरकू नये म्हणून बाजूनं आधार देणाऱ्या गुट्ट्याही मिळतात, त्या आम्ही लावल्या. आणि भिंतीत स्टीलचा दांडा ठोकून घेतला, कारण नळ हा धरायला नसतो.

हळू मिटणारं झाकण. सॉफ्ट क्लोज म्हणजे सोडलं तरी आपोआप सावकाश खाली येणारं. याचे पैसे जास्त पडतात, पण यूएफची सीट आपटून तडकू नये म्हणून ते घ्यावं. फक्त हातानं खाली दाबू नका, आतला दट्ट्या खराब होतो. दुकानात ते झाकण सावकाश उतरताना पाहून मला आदान-निक्षेपण समिती आठवली. वस्तू उचलताना-ठेवताना बघून, जपून ठेवायची. नियम मुनींचा, पण आपल्यालाही जेवढा जमेल तेवढा पाळायचा. झाकण मिटलेलं राहिलं तर मुंग्या, झुरळं, पाली पाण्यात पडून मरत नाहीत. ही जीवदया फुकट आहे.

पाचवी उत्सर्ग समिती. तिला प्रतिष्ठापना समितीही म्हणतात. मलमूत्राचं विसर्जन जीव-जंतू नसलेल्या जागी, बघून करायचं. आपल्या घरात कमोड आला, तरी बघण्याचा यत्न सुटत नाही. पाणी ओतण्याआधी एक नजर टाकायची, किडा-मुंगी दिसली तर मऊ कुंचल्यानं बाजूला करायची. आणि सीट पुसून कोरडी ठेवायची, कारण ओल राहिली की तिथं जीव उत्पन्न होतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो.

साफ करताना. सीटला कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं पुरतं. मग कोरडं फडकं. तारेची घासणी अजिबात नको. पांढरा थर दिसला तर लिंबूसत्त्वाचं पाणी थोडा वेळ लावून पुसून घ्या. ॲसिडची बाटली भांड्याच्या आतल्या भागासाठी असते. ते ओतून झाकण मिटून ठेवलं तर त्याच्या वाफेनं स्टीलची बिजागरीही गंजते. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद संडासात हे जिवावर बेतू शकतं.

हे काम आपल्या घरी दुसरी बाई करत असेल तर तिला हातमोजे द्या, खिडकी उघडी ठेवा. कृत, कारित, अनुमोदना हे आपण रोज म्हणतो. ॲसिडनं तिचे हात भाजले तर ते कारितात येतं. गाडगेबाबा याच आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी स्वतः हातात खराटा घेतला. त्यांच्या मातीत राहून झाडणाऱ्याला हलकं मानणं आपल्याला शोभत नाही.

दुकानदारानं आम्हाला सोनेरी काठाची, आतून दिवा लागणारी सीटही दाखवली. दादा थोडा मोहात पडलाही. दशलक्षण पर्वात चौथा धर्म येतो उत्तम शौच, आणि तिथं शौच म्हणजे लोभ नसणं. बोलीत मात्र शौच म्हटलं की संडास. दोन्ही अर्थ त्या दिवशी एकाच काउंटरवर होते. टिकेल, पुसली जाईल, आई सरकणार नाही, एवढं ज्यात आहे ती सीट घ्यायची. त्याहून कमी घेतली तर आईच्या जिवाशी खेळ, त्याहून जास्त घेतली तर आपला लोभ. यूएफची साधी पांढरी घेतली. साध्या प्लॅस्टिकपेक्षा तिप्पट पडली, पण सोनेरी काठाच्या निम्म्यातही नाही.

आईनं सीटला काही चांगलं म्हटलं नाही. "इतके पैसे घातले व्हय?" एवढंच. पण वहिनीचा परवा फोन आला, आता सूर्यास्ताच्या आधी तांब्याभर पाणी पिऊन मग चौविहार घेतात.

तुमच्या घरात सासूबाई, आई, आजी असतील तर त्या आपणहून सांगणार नाहीत. पुढच्या वेळी संडास धुताना सीटला हातानं डावी-उजवीकडे हलवून बघा. हलली तर बिजागरीचा नट कसा. नट फिरूनही हलत असेल तर खाकी कागद आणि पेन्सिल घ्या.