तापल्या ऑईलचा वास

तापलेल्या लोखंडावर ऑईलचा थेंब पडला की जो वास सुटतो, तो गाडी पळत असताना सहसा जाणवत नाही. वारा त्याला मागच्या मागे घेऊन जातो. तो येतो थांबल्यावर. पर्वरीच्या कोंडीत, अटल सेतूच्या अलीकडे वाहनांची रांग खोळंबली की बॉनेटच्या फटीतून तो हळूच वर येतो, पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत शिरतो आणि ब्लोअरच्या गार हवेत मिसळून गाडीभर पसरतो. जड, कडवट, घशाला किंचित चिकटणारा. या पावसाळ्यात तो माझ्या गाडीत रोज यायला लागला. खाली मांडवी गढूळ होऊन वाहत असायची, आणि मी त्या वासाबरोबर बेतीच्या धक्क्यावर जाऊन पोचायची.

5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पेडण्याहून पणजीला येणाऱ्या आम्हा सगळ्यांची वाट बेतीला येऊन पाण्याशी थांबू लागली. फेरीबोटीसाठी रांग लागायची. बाबांची पद्मिनी गाडी त्या रांगेत चार हात पुढे सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. बाहेर पावसाची झड, आत ओल्या छत्र्या, कुणाच्या तरी पाटीतल्या मासळीचा दर्प, धक्क्याला टेकणाऱ्या बोटीचा डिझेलचा धूर. या सगळ्या वासांच्या गर्दीतून बाबांना एकच नेमका सापडायचा. ते मान जराशी वर करायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, “कुणाचं तरी ऑईल जळतंय.” मग पावसात उतरून, पँटचे पाय दुमडून, रांगेतल्या एकेका बॉनेटजवळून वास घेत जायचे. गाडी सापडली की अनोळखी माणसाच्या काचेवर दोन बोटांनी टकटक करायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, इतक्या निगुतीने दुसऱ्याच्या इंजिनाची काळजी करणारी माणसं त्या रांगेत होती, म्हणून ते पुलाविना काढलेले पावसाळे आठवणीत इतके ऊबदार राहिले.

वासांची खरी ओळख मात्र डिचोलीच्या मामांनी करून दिली. त्यांचा ट्रक खाणीवर असायचा. खाणीतला माल भरून सारमानसच्या धक्क्यापर्यंत न्यायचा, तिथून माल बार्जमधून मुरगाव बंदराकडे जायचा. सुट्टीत गेलं की आमची खेळायची जागा म्हणजे मामांचं अंगण, आणि अंगणभर तांबडी धूळ. मामा बॉनेटवर हात ठेवून सांगायचे: क्लचप्लेट घासली की कागद करपल्यासारखा कोरडा वास येतो, कूलंट सांडलं तर गोडसर येतो, पट्टा घसरला तर रबराचा. आणि ऑईलचा? “तो नाकात बसतो, बाय. उठत नाही.” सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक जागच्या जागी उभे राहिले. मामांचाही उभा राहिला. चाकांभोवती गवत वाढलं. रोज सकाळी ते खाली वाकून ट्रकखालची जमीन बघायचे, कुठे डाग पडलाय का. चालत नसलेल्या गाडीचं ऑईल ते बघत होते. त्यांचं ते वाकणं मला अजून सोसत नाही.

मामा गेले. त्यांच्या ओळखीचे एक मेस्त्री डिचोलीत अजून काम करतात, म्हणून पणजीची गॅरेजं सोडून मी गाडी तिकडे नेली. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. “वास कधी येतो, बाय? चालताना की थांबल्यावर? मागून निळा धूर?” निळा धूर असेल तर ऑईल इंजिनाच्या आत जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत आणि काम मोठं आहे. धूर नव्हता. मग त्यांनी डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. पातळी थोडी उतरली होती. रॉकेलच्या फडक्याने इंजिनाची वरची बाजू लख्ख पुसली, सुकू दिली, टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं बघत उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला पावडरीत एक बारीक तपकिरी रेघ उमटली, ओली झाली, खाली सरकली आणि मॅनिफोल्डवर टेकताच धुराची एक नाजूक गुंडाळी वर आली. तोच वास. मेस्त्री काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

दोष त्या कव्हरच्या पॅकिंगचा होता. वर्षानुवर्षं तापून रबर कडक झालेलं. मेस्त्री हातात घेऊन वाकवायला गेले तर कट्कन मोडलं. त्यांनी कव्हरची खाच खरवडून कोरडी केली, कोपऱ्यांवर सीलंटचा ठिपका दिला, नवं पॅकिंग बोटाने दाबत दाबत बसवलं. बोल्ट आधी नुसते हाताने फिरवले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. जास्त आवळलं तर कव्हर वाकतं आणि गळती पुन्हा सुरू होते. शेवटी ब्रीदरची नळी फुंकून पाहिली, कारण ती तुंबली की आत दाब साचतो आणि नवं पॅकिंगही ऑईल सोडू लागतं. मॅनिफोल्डवरचं आधीचं ऑईल जळून जाईपर्यंत वास थोडा येत राहील, हेही त्यांनी बजावलं. आला. मग विरत गेला.

तुमच्या गाडीत हा वास आला तर काचा खाली करून पुढे जात राहू नका. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑईलचा दाब पडल्यावर लागतो. थेंब थेंब गळतीचा त्याला पत्ताही नसतो, आणि गळती वाढली तर तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑईल पेटूही शकतं. धूर दिसला तर इंजिन बंद करा. नुसता वास असला तरी बाजूला थांबा, इंजिन निवू द्या, डिपस्टिक बघा, आणि त्याच आठवड्यात मेस्त्रींकडे जा. आणि वास पुढच्या गाडीतून येत असेल, तर उतरून त्यांना सांगा.